गाडी मागून बसली की शॉकअप बदला, हे आपल्याला शिकवलं कोणी?



आजची नोंद शेतातली नाही, शेताबाहेर उभ्या असलेल्या गाडीची आहे. हळवं कर्जत-३ कापून झालं, उडवी रचली, दोन दिवस जरा मोकळे मिळाले म्हणून लिहायला बसलो. आपल्या पट्ट्यात कल्याण, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ कुठेही जा, दहा शेतकऱ्यांच्या दारात चार तरी जुन्या गाड्या उभ्या दिसतील. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ. आणि त्यातल्या बऱ्याच मागून अशा बसलेल्या की वाटावं म्हैस पाण्यात बसली आहे. त्या गाडीचा मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री बंपरवर हात ठेवून दाबतो, मान हलवतो आणि म्हणतो, "शॉकअप गेले. चारही टाका."

मालक टाकतो. मीही टाकले. आणि फसलो.

ही नोंद त्याबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. बसलेली गाडी शॉकअप बदलून वर येत नाही. कधीच येत नाही. जो कोणी तसं सांगून शॉकअप विकतो, त्याला एकतर माहीत नसतं, नाहीतर माहीत असून तो गप्प बसतो. दोन्हीत पैसे आपलेच जातात.

आधी माझं सांगतो. माझी बोलेरो २००९ची, एमएच ०५ पासिंग. २०२४ला पंधरा वर्षं भरली, पुन्हा पासिंग करून घेतलं. इंजिन चांगलं आहे, डिझेलला हात आखडता आहे, आणि या वयात मला हप्ते नकोत. दीड-दोन वर्षांपूर्वी गाडी मागून बसायला लागली. डावी बाजू जास्त. मी एका गॅरेजला दाखवली. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी उत्तर तेच मिळालं असतं. त्यांनी सांगितलं गॅसवाले शॉकअप टाका, गाडी "उचलून धरेल". एकाचे २६०० प्रमाणे चार, आणि १२०० मजुरी. ११,६०० रुपये. टाकले. गाडी चालवली तर जरा कडक वाटली, मन खूश झालं. उंच झाली का? मला वाटली. माणूस अकरा हजार घालवतो तेव्हा त्याला दिसायला लागतं.

सप्टेंबरात मांडवावरची काकडी आणि शिराळी भरून पहाटे साडेतीनला कल्याण मार्केटला निघालो. रायत्याच्या अलीकडे एक वळण आहे तिथे समोरून मोटरसायलवाला आला. पोरगा असेल तेवीस-चोवीसचा, नाईट करून घरी चाललेला. माझ्या समोर आला आणि एकदम डावीकडे खाली रस्त्याच्या कडेला उतरला आणि पडला. मी थांबलो. गळपट्टीचं हाड मोडलं होतं त्याचं, पुढे एक्सरेत कळलं. मी आणि माझ्या पुतण्याने मागचे क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवले, त्याला आडवं घेतलं आणि गेलो. वाटेत तो विव्हळत होता आणि मध्येच मला म्हणाला, "काका, तुमची लाईट अप्परला होती ना?"

नव्हती. डिप्परला होती. मी शपथेवर सांगतो.

पण त्याला काहीच दिसलं नाही हेही खरं. गाडी मागून बसली की नाक वर होतं, आणि नाक वर झालं की डिप्पर समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागे माल भरला की आणखी. मी वर्षभर डिप्पर लावून लोकांच्या डोळ्यात अप्पर मारत फिरत होतो आणि समोरचा लाईट मारून सांगायचा तर मी त्यालाच शिव्या घालायचो. नवे शॉकअप टाकून दोन महिने झाले होते तेव्हा.

पोरगा बरा झाला. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेतला. शेतात बांध मोजायचा असतो तोच. सपाट ओट्यावर गाडी उभी केली, रिकामी, चारही चाकांत हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मापलं. मागे उजवीकडे साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर, डावीकडे पंचेचाळीस. मग मुरबाड बाजूला माझ्या मेहुण्याची तसलीच बोलेरो आहे, माझ्यापेक्षा सात वर्षं नवी, तिला मापली. दोन्हीकडे त्रेपन्नच्या आसपास. म्हणजे माझी गाडी सहा-आठ सेंटिमीटर खाली, आणि अकरा हजार सहाशे रुपयांनी ती नखभरही वर आली नव्हती. शॉकअप घालण्याआधी मापलं असतं तर घातल्यावर तुलना करता आली असती. मापलं नव्हतं. मिस्त्रीनेही मापलं नव्हतं. आपल्या दोघांत टेप कोणाकडेच नव्हता!

आता कृषीवाले मित्र हे पान वाचतात, त्यांच्या भाषेत सांगतो. भाताचं पान पिवळं पडलं की आपला शेतकरी काय करतो? युरिया मारतो. मग तुम्ही त्याला सांगता, बाबा रे, पिवळं पडायला नत्र हे एकच कारण नाही, जस्त कमी असेल तर खैरा पडतो, पाणी साचलं असेल तर मूळ गुदमरतं, माती तपास आधी. बरोबर सांगता. मग तेच तुम्ही स्वतःची गाडी घेऊन गॅरेजला जाता तेव्हा माती तपासायचं विसरता कसे? शॉकअप म्हणजे गाडीचा युरिया झाला आहे. गाडी बसली, शॉकअप. गाडी खडखडते, शॉकअप. गाडी एका बाजूला ओढते, शॉकअप.

शॉकअपचं काम काय ते नीट समजून घ्या, यात दहावी पास माणसाला न कळण्यासारखं काही नाही. गाडीचं वजन पेलतात ते स्प्रिंग. माझ्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत आणि मागे पाटे. खड्डा आला की स्प्रिंग दबते, मग उसळते, मग पुन्हा दबते. तिला कोणी थांबवलं नाही तर गाडी बेडकासारखी उड्या मारत राहील. शॉकअप तिला थांबवतो. त्याच्या नळीत तेल असतं, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह. दट्ट्या वरखाली झाला की तेल त्या भोकांतून जोर लावून जातं आणि उसळीची ताकद तापून निघून जाते. एवढंच. उभ्या गाडीत दट्ट्या हलत नाही, म्हणजे शॉकअप जवळजवळ काहीच करत नाही. मग तो उभ्या गाडीला वर कसा उचलेल?

"पण गॅसवाला उचलतो," हे ऐकलंच असेल. याचं उत्तर दुकानातच मिळतं, पैसे लागत नाहीत. गॅसवाला नवा शॉकअप हातात घ्या, जमिनीवर उभा धरा आणि दांडी तळहाताने आत दाबा. जाते ना? सोडली की हळूहळू वर येते, बरोबर? ती वर येणारी ताकद म्हणजे तुमचा गॅस. जो जोर माझ्यासारखा पन्नाशीतला माणूस एका हाताने दाबतो, तो जोर सात माणसांची गाडी उचलणार आहे का? आत नायट्रोजन भरतात तो गाडी उचलायला नाही, तेलाला फेस येऊ नये म्हणून. सतत खड्ड्यांतून चाललं की साध्या शॉकअपमधल्या तेलात हवा मिसळते, फेस होतो, आणि फेसाला जोर नसतो. गॅसने तो फेस कमी होतो. चांगली गोष्ट आहे, कल्याण-शिळ रोडवरून रोज जाणाऱ्याला उपयोगी आहे. पण ती "उचलून धरेल" म्हणून विकली जाते, ते खोटं आहे.

याच्या उलट एक गोष्ट आहे जी मला कोणीच सांगितली नाही आणि जिने माझं खरं नुकसान केलं. बसलेल्या पाट्यावर नवा शॉकअप लावला तर तो नवा शॉकअप लवकर मरतो. गाडी खाली बसलेली, म्हणजे त्याची दांडी आधीच अर्ध्याच्या वर आत गेलेली. त्याला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला, रबर ठोकर आपटली, दट्ट्या तळाला लागला. आठ महिन्यांत माझ्या मागच्या दोन्ही गॅसवाल्यांतून तेल ठिबकायला लागलं. मी घेऊन गेलो तर म्हणे रस्ते खराब आहेत, वॉरंटीत बसत नाही.

रस्ते खराब आहेत हे काय मला सांगता? २०१८च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी माणसं मारली, रोज पेपरात होतं. पत्री पूल पाडला तेव्हापासून नवा होईपर्यंत आपण कुठून कुठे वळसे घातले ते आपल्यालाच ठाऊक. रस्ता खराब आहे म्हणून तर चांगला शॉकअप हवा. रस्ता खराब हे विकताना कारण आणि परत घेतानाही कारण, असं कसं चालेल?

असो. मग मी पाटेवाल्याकडे गेलो. भिवंडी बाजूला ट्रकचे पाटे करणारे बसतात, तिथले एक म्हातारे चाचा. त्यांनी गाडीखाली वाकून एकदा बघितलं आणि म्हणाले, "शेठ, शॉकअप गाडी नहीं उठाता. पाटा उठाता है." झालं. माझ्या अकरा हजारांचं उत्तर एका वाक्यात.

त्यांनी मला दाखवलं ते तुम्हीही बघू शकता. चटई टाका आणि गाडीखाली शिरा, गाडी जॅकवर न घेता. मागच्या पाट्याला धनुष्यासारखी कमान असायला हवी, दोन्ही टोकं वर आणि मध्य खाली. माझा डावा पाटा अगदी सपाट झाला होता, फूटपट्टी. वरून तिसरा पाटा मधल्या बोल्टापाशी तडकलेला. तडा गंजलेला, म्हणजे जुना. टोकाचे बुश चेंदामेंदा. आणि बुश का गेले तेही चाचांनी सांगितलं, आणि इथे चूक माझी. दर पावसाळ्यानंतर मी पाट्यांवर जळकं ऑइल मारायचो, आवाज येऊ नये म्हणून. आपल्याकडे सगळेच मारतात. ते ऑइल रबर खातं, आणि वर धूळ धरून पाट्यांमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. मी प्रेमाने गाडी मारत होतो.

दुसरी चूकही माझीच. ती लिहिली नाही तर ही नोंद अर्धी राहील. काकडीचा एक क्रेट वीस किलोचा, क्रेटचं स्वतःचं वजन धरून बावीसच्या आसपास. मी मागची सीट काढून तीस क्रेट भरायचो. साडेसहाशे किलो झाले. पुढे मी आणि पुतण्या, दीडशे. आठशे. गाडी बनवली आहे सात माणसं आणि त्यांच्या पिशव्यांसाठी, म्हणजे पाचशे-साडेपाचशे. आठवड्यातून तीनदा, तीन हंगाम. त्या पाट्याने अजून काय करायचं होतं? कंपनीचा यात काही दोष नाही. आता बावीस क्रेट भरतो आणि उरलेला माल शेजाऱ्याच्या टेम्पोत अर्ध्या भाड्यात टाकतो. फायदा असा झाला की खालच्या थरातली काकडी घासून डागाळत नाही. व्यापारी पूर्वी दोन-तीन क्रेट बाजूला काढून भाव पाडायचा, ते कमी झालं. माल वाहतुकीत किती मरतो यावर कृषीवाले एवढं बोलतात, पॅकिंगवर बोलतात, पण ज्या गाडीत माल चालला तिच्या पाट्यावर कोणी बोलत नाही.

पाट्याला काय करायचं, यात पुन्हा तीन रस्ते आहेत आणि दोन फसवे आहेत.

एक, कमान मारून घेणे. पाटे सुटे करून ठोकून पुन्हा वाक देतात. स्वस्त पडतं. पण लोखंड थकलेलं असतं, काही महिन्यांत पुन्हा खाली येतं. त्याहून वाईट म्हणजे काही जण गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवतात. तसं कोणी करायला लागला तर हात धरा त्याचा. पाट्याचं पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून पाणी दिलेलं असतं. विळ्याला लोहार पाणी देतो तसं. ज्योतीने लाल केला की ते पाणी उतरतं. मग तो पाटा एकतर मऊ होऊन बसतो, नाहीतर एक दिवस माळशेज घाटात कडकन तुटतो.

दोन, एक जादा पाटा घालणे. हे आपल्याकडे फार आवडतं, "एक पाटा मार चाचा, दोन क्रेट जास्त जातील." गाडी उंच होते हे खरं. पण रिकामी असताना बैलगाडीसारखी आपटते, घरची बाई माणसं बसायला तयार होत नाहीत, आणि तो कडक पाटा आवरायचं बळ जुन्या मापाच्या शॉकअपमध्ये नसतं. उंची जास्त वाढली तर शॉकअपची दांडी पूर्ण बाहेर येऊन तिथून हिसके बसतात. आणखी एक. काही गाड्यांना मागे वजनाप्रमाणे ब्रेक वाटून देणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची एक दांडी मागच्या हाऊसिंगला जोडलेली असते. मागची उंची बदलली की त्या दांडीचा हिशेब चुकतो. पाट्याचं कोणतंही काम केलं की ती दांडी तपासून घ्या. हे मला विचारल्याशिवाय कोणी सांगितलं नाही.

तीन, गेलेले पाटे बदलणे. मी हे केलं. दोन्ही बाजूंचे मेन पाटे आणि त्याखालचे दोन नवे, चांगल्या कंपनीचे, बिलासकट. खालचे जाड पाटे चांगले होते ते साफ करून ठेवले. बुश सगळे नवे, यू बोल्ट नवे, मधला बोल्ट नवा. एका बाजूचंच काम कधी करू नका, गाडी तिरकी चालेल. सगळं मिळून ९,८०० झाले. गाडी खाली उतरवून मापली तेव्हा मागे उजवीकडे त्रेपन्न, डावीकडे साडेबावन्न. महिनाभर माल वाहिल्यावर एकेक सेंटिमीटर बसली आणि तिथे थांबली.

ज्यांच्या गाडीला मागेही कॉइल स्प्रिंग आहे, त्यांना रस्त्याच्या कडेला रबराचे बफर विकतात, स्प्रिंगच्या वेढ्यात कोंबायचे. नका कोंबू. दोन वेढे हलायचे बंद झाले की त्यांचं काम बाकीच्यांवर येतं आणि स्प्रिंग तिथेच तुटते. ज्यांना पुढे टॉर्शन बार आहे त्यांच्या गाडीची पुढची उंची बोल्टाने थोडी वाढवता येते, पण ती अलाइनमेंट करणाऱ्याकडूनच. नुसता बोल्ट पिळून आलात तर महिन्याभरात टायर खाल्ला जाईल.

मग शॉकअप बदलायचेच नाहीत का? बदलायचे, पण ते मेले असतील तर. आणि मेले की नाही ते बंपर दाबून कळत नाही, निदान पाट्याच्या गाडीत तर नाहीच. पाटे एकमेकांवर घासून आपोआपच उसळी मारतात, त्यामुळे शॉकअप मेलेला असला तरी गाडी शहाण्यासारखी थांबते. मी करतो ते सांगतो. पाच-सात किलोमीटर खराब रस्त्याने चालवून आणायची आणि लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावायचा. सायलेन्सरपासून हात सांभाळा. काम करणारा शॉकअप कोमट-गरम लागतो. एखादा थंडगार लागला तर तो फुकट बसून आहे. तेलाचा ओलसर थर असला आणि त्यावर धूळ बसली असली तर घाबरू नका, थेंब ओघळत असेल तर गेला. टायर हाताने चाचपून बघा, मध्ये मध्ये खळगे पडल्यासारखी झीज असेल तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उडतं. आणि खडखड आवाज असेल तर आधी बुश बघा, बऱ्याचदा शॉकअप ठीक असतो आणि त्याच्या टोकाचं पन्नास-शंभर रुपयांचं रबर गेलेलं असतं.

स्वस्तात कोणता घ्यायचा हे सगळे विचारतात. माझं मत ऐका, पटलं तर घ्या. आपल्या कामाला साधा दुहेरी नळीचा शॉकअप पुरतो, ऑइलचा किंवा कमी दाबाच्या गॅसचा. गॅब्रिएल घ्या, मोनरो घ्या, नाहीतर गाडीच्या कंपनीच्या डब्यातला घ्या, जो आपल्या मॉडेलच्या नंबरचा मिळेल तो. गॅब्रिएल तर आपल्या शेजारी, साठच्या दशकात मुलुंडला सुरू झालेली, आपल्या आजूबाजूच्या कितीतरी माणसांनी तिथे नोकऱ्या केल्या असतील. एकेरी नळीचे महागडे मिळतात, पोरांना व्हिडिओत बघून तेच हवे असतात. चांगले असतात, लवकर थंड होतात. पण त्यात दट्ट्या थेट बाहेरच्या नळीत फिरतो. खडीच्या रस्त्यावर एक दगड उडून नळीला पोचा आला की दट्ट्या अडकला. बांधावरून गाडी नेणाऱ्याने ते घेऊ नयेत असं मला वाटतं. दुहेरी नळीला बाहेरून थोडा पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे रिपेअर केलेले. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात आणि इकडेही मिळतात. मेलेल्या शॉकअपला भोक पाडून नवं तेल घालतात, भोक झाळतात, काळा रंग मारतात. तेल नवं, पण आतलं सील आणि व्हॉल्व्ह जुनेच. नळीवर झाळल्याची गाठ किंवा रंगाखाली खरखरीत भाग लागला तर परत ठेवा. डब्यावर छापील किंमत, पार्ट नंबर बघा, पक्कं बिल घ्या. "बिल नको, दोनशे कमी करतो" म्हणणाऱ्याचे ते दोनशे आपल्याला फार महाग पडतात.

जोडीनेच बदला, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही. चार घेण्याइतके पैसे नसतील आणि चारही सारखेच थकले असतील, तर मी पुढचे आधी घेईन. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि चाक रस्ता सोडणं पुढच्या बाजूला जास्त महागात पडतं. लोक उलट करतात, कारण मागे माल असतो. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण बाहेर-आत करा, आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. आणि बुशचे नट शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्या आल्या रबर पिळलं जातं. मिस्त्री घाईत असतो, त्याच्या जवळ उभे राहा. मळणीला उभे राहता तसे.

हिशेब मांडतो, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. मी आधी शॉकअप घातले ११,६००, मग पाटे ९,८००, मग मेलेले मागचे दोन शॉकअप पुन्हा, या वेळी १७०० वाले, ३,४००. चोवीस हजार आठशे. आधी पाटे केले असते आणि मग साधे चार शॉकअप मजुरीसकट टाकले असते तर सतरा हजार आठशेत झालं असतं. सात हजार रुपये फरक. त्या आठवड्याच्या भावाने एकोणतीस क्रेट काकडी, म्हणजे माझी जवळजवळ एक पूर्ण खेप.

आमच्या आळीतला एक जण म्हणाला, "दादा, एवढं करण्यापेक्षा विकून टाका, नवीन पिकअप काढा." त्याने काढली आहे. महिन्याचा हप्ता माझ्या या चोवीस हजारांच्या निम्म्याहून जास्त आहे, पाऊस पडो न पडो. त्याच्या गाडीला मी नावं ठेवत नाही. पण जुनी गाडी ठेवणारा म्हणजे अडाणी, हे मी मान्य करणार नाही. जुनं ठेवायला जास्त अक्कल लागते, जुना बैल सांभाळायला लागते तशी. आणि ती अक्कल आपल्याला कोणी देत नाही, कारण ती दिली तर विकायला काही उरत नाही. ट्रॅक्टरच्या मेळाव्यात टोपी मिळते, टी-शर्ट मिळतो, सस्पेन्शनवर अर्धा तास कोणी बोलताना मी पाहिलं नाही. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स आहे, कृषी खात्याचे शेतकरी प्रशिक्षण वर्ग आहेत. वर्षातून एक दिवस दोघांनी मिळून मार्केट यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांना नुसता टेप लावला आणि लाईट भिंतीवर मारून दाखवली, तरी पुष्कळ होईल.

ते लाईटचं मात्र आजच करा. संध्याकाळी गाडी रिकामी सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर उभी करा, डिप्पर लावा, भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे येईल तिथे खडूने रेघ मारा. मग नेहमीचा माल भरा आणि पुन्हा बघा. माझी रेघ पूर्वी दीड फूट वर जायची. आता चार बोटं जाते, तेवढी मी लाईटच्या स्क्रूने खाली घेतली आहे.

तो पोरगा गेल्या महिन्यात रायत्याला चहाच्या टपरीवर भेटला. हात पूर्ण वर जातो म्हणाला, पाऊस आला की दुखतो. मी त्याला भिंतीवरची रेघ वगैरे सगळं सांगायला लागलो, तर त्याने माझ्या गाडीमागे जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, डावी अजून जरा खाली वाटते."

घरी येऊन मापली. अर्धा सेंटिमीटर आहे.